सेनहायझर एचडी ८०० एस : लाखावरच्या हेडफोनला प्लास्टिक का?

घरी येणारा जो कोणी हे हेडफोन हातात घेतो, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "एवढे पैसे दिलेस आणि हे प्लास्टिक?" प्रश्न अगदीच वावगा नाही. २०१६ साली एचडी ८०० एस बाजारात आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत १,६९९ डॉलर होती. आपल्याकडेही मामला लाखाच्या वरचाच. एवढे मोजल्यावर माणूस चकचकीत धातू नाहीतर लाकडी कप शोधतो. इथे काळा मॅट सांगाडा आणि मायक्रोफायबरच्या गाद्या आहेत, आणि केबल सोडून वजन भरतं ३३० ग्रॅम. दुकानात उचलला की हलका लागतो, आणि हलकं म्हणजे स्वस्त हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

मी उन्हाळ्यापासून वापरतोय. आता पाऊस सरून थंडी पडली, आणि माझं मत असं झालंय की या किमतीत सगळ्यात मोलाचा आहे तो हा हलकेपणाच. ऑडिझीच्या एलसीडी-एक्ससारखे धातूचे भारदस्त हेडफोन सहाशे ग्रॅमच्या घरात जातात. ऐटबाज दिसतात, यात वाद नाही. पण विलंबित ख्याल पाऊण तास चालतो, त्यानंतर द्रुत, मग पुढचा राग, आणि तोवर मान बोलायला लागते. एचडी ८०० एसचे कप एवढे मोठे आहेत की कानाला गादी टेकतसुद्धा नाही. चष्मा लावून तासन् तास ऐकता येतं. चष्मेवाल्यांना हे वाक्य दोनदा वाचावंसं वाटेल.

आवाजाकडे येऊ. याचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, ५६ मिलिमीटरचा, कडीच्या आकाराचा. तो कानावर सपाट बसवलेला नाही, थोडा पुढे आणि तिरका ठेवलाय. त्यामुळे गाणं डोक्याच्या आत न वाजता समोर आणि बाजूला पसरतं. तंबोऱ्यांची जोडी असलेलं चांगलं ध्वनिमुद्रण लावलं की दोन तंबोरे दोन ठिकाणी ऐकू येतात, नुसता मागचा घुमारा राहत नाही. जवारीचा तो बारीक झणकारा तारेगणिक सुटा होतो. किशोरीताईंचं स्वरमंडल मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय, पण ते नेमकं कुठून वाजतंय याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

याची दुसरी बाजूही आहे. डग्ग्याला इथे वजन कमी पडतं. तळहात घासून काढलेला घिस्सा स्वच्छ ऐकू येतो, मात्र छातीत जाणवत नाही. लावणीची ढोलकी किंवा बँडबाजाचा ठेका ऐकायला तर मी हे मुळीच उचलत नाही. जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून उतरवलेलं अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं लावलं तर खरखर आधी आणि गाणं नंतर, अशी गत होते. २००९ च्या मूळ एचडी ८०० मध्ये साधारण ६ किलोहर्ट्झला, म्हणजे वरच्या पट्टीत, आवाजाचा टोकदार उठाव होता. 'एस'मध्ये तो शोषून घेणारी रचना बसवली, म्हणून 'स' आणि 'श' आता कानात टोचत नाहीत. पण स्वभाव उजळच, म्हणजे वरच्या पट्टीला उठाव देणाराच, राहिला.

माझ्याकडे सेनहायझरचाच, २००३ पासून बाजारात असलेला एचडी ६५० पण आहे. तो याच्या एक तृतीयांशाहून कमी पैशांत येतो. माणसाचा गळा, विशेषतः भारदस्त पुरुषी आवाज, ६५० वर जास्त खरा वाटतो. भीमसेनजी मी अजूनही त्याच्यावरच ऐकतो. तिप्पट पैसे म्हणजे तिप्पट आवाज असा हिशेब या धंद्यात नाहीच. वरचे पैसे मोकळ्या जागेचे आणि बारकाव्याचे आहेत. ज्याला ते ऐकायचं वेड नाही त्याने ६५० घेऊन उरलेल्या पैशांत सवाई गंधर्वची पुढच्या रांगेतली तिकिटं काढावीत, असं मी मित्रांना सरळ सांगतो.

ॲम्पबद्दल, म्हणजे हेडफोनला जोर देणाऱ्या यंत्राबद्दल, फार बाऊ केला जातो. हेडफोनचा विद्युत रोध ३०० ओहम म्हटलं की लोक घाबरतात आणि लगेच पन्नास हजारांचं यंत्र शोधायला लागतात. १ व्होल्टला हा १०२ डेसिबल देतो, त्यामुळे फोनला लावायच्या साध्या टाइप-सी डोंगलवरही आवाज पुरेसा मोठा होतो. जाड ६.३ मिलिमीटरच्या पिनेला ॲडॉप्टर लावला की झालं. मी मध्यम किमतीचा ॲम्प वापरतो तो मुख्यतः गोल बटणाने आवाज कमीजास्त करायच्या सोयीसाठी.

खरी अडचण घराची आहे. हेडफोन पूर्ण उघड्या पाठीचा. बाहेरचं सगळं आत येतं आणि आतलं सगळं बाहेर जातं. पंखा दोनवर असला तरी आलापातली शांतता संपते, मग मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्यांचं काय सांगावं. आई पलीकडच्या खोलीतून म्हणाली, "तुझा मारवा इकडे स्वयंपाकघरात येतोय, जरा हळू कर." हे हेडफोन रात्री अकरानंतरचे आहेत. लोकलमध्ये किंवा ऑफिसात त्यांचा काडीचा उपयोग नाही.

आता टिकाऊपणा. याआधी एका बड्या कंपनीचे महागडे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन होते. दोन पावसाळ्यांत गाद्यांच्या नकली चामड्याचे पापुद्रे निघाले, मग बिजागरी तडकली, आणि सांगाडा वेगळा मिळत नाही असं उत्तर आलं. आपल्या दमट हवेत पॉलियुरेथेन असं सोलवटतंच, त्यात नवल नाही. एचडी ८०० एसच्या गाद्या कापडी असल्याने सोलवटत नाहीत. त्या घाम मात्र पितात, ओलसर कापडाने पुसून सुकवाव्या लागतात, आणि माझ्या आताच चेपायला लागल्यात. पण त्या बोटांनी निघतात आणि नव्या बसतात. केबल दोन्ही कानांकडून सुटते, बॅटरी नाही, ॲप नाही. हातात स्वस्त वाटणारं ते प्लास्टिक अजून कुठे कुरकुरलेलं नाही. फक्त केबलची पिन खास स्वतःची आहे, त्यामुळे दुसरी केबल घ्यायची तर खिसा हलका होतो.

नवा घेण्याआधी जुन्या बाजारात नक्की बघा, शौकीन लोक हे हेडफोन जपून वापरतात. डावा-उजवा आवाज मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज असलेलं) रेकॉर्डिंग लावून तपासा, गाणं बरोबर मध्यात आलं पाहिजे. केबल पिनेपाशी हलवून बघा. गाद्या चपट्या असतील तर नव्या गाद्यांचे पैसे भावातून कापून घ्या. त्यासाठी वाद घालायला लाजू नका.