कंस घालणारा कॅल्क्युलेटर

नात यंदा इंजिनिअरिंगला लागली, म्हणून लातूरला गंजगोलाईत जाऊन सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणला. साडेबाराशेला पडला. अंबाजोगाईत ३१ वर्षं गणित शिकवलं; तेव्हापासूनची सवय, नवा कॅल्क्युलेटर हाती आला की आधी २ चा ३२ वा घात अधिक १ काढून बघायचं. दुकानातच बघितलं. ४२९४९६७२९७. दहाच्या दहा आकडे स्वच्छ.

या संख्येवर माझा फार जीव. २ चा घातांक १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत जा आणि १ मिळवा: ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ संख्या. पुढची हीच. फ्रेंच गणितज्ञ फर्माला १६४० च्या सुमारास वाटलं, या साऱ्याच मूळ असणार. १७३२ साली स्विस गणितज्ञ ऑयलरने दाखवलं की हिला ६४१ ने भाग जातो.

आता मुख्य गोष्ट. यात मूळ अवयव पाडायचं बटण आहे. दाबलं तर आलं: ६४१ × (६७००४१७). काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, कंस कशाला आला? दुसरा पीस देऊ का?" नको म्हटलं. हे यंत्र लहान मूळ संख्यांनीच भाग देऊन बघतं. उरलेली संख्या मूळ आहे याची खात्री नसली की तिला कंसात ठेवतं. जे तपासलं नाही ते वेगळं दाखवतं, यासाठीच मी तो घेतला.

घरी नातीला म्हणालो, कंस आपण सोडवू. ६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ च्या जवळ. तिथपर्यंतच्या मूळ संख्या साडेतीनशेहून जास्त, लेकराचा रविवार गेला असता. पण फ्रेंच गणितज्ञ ल्युकाने १८७८ मध्ये सिद्ध केलंय की आपल्या मोठ्या संख्येचा कुठलाही मूळ अवयव १२८ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो. ६४१ म्हणजे १२८ × ५ + १. या अटीत बसणाऱ्या मूळ संख्या उरतात पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. तिने लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पाच भागाकार मांडले. बाक्या १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणजे संख्या मूळच. कंस तिने स्वतःच्या पेनाने खोडला.

तक्रार एक आहे. कंसाचा अर्थ पुस्तिकेत इतक्या बारीक अक्षरात दिलाय की चष्मा लावूनही भिंग घ्यावं लागलं. मुलं कंस बघून सरळ "मूळ संख्या" लिहून मोकळी होतील. ठळक छापायला हवं होतं. बटणं मात्र छान मऊ आहेत. पाचपैकी चार तारे.

रात्री नातीने ६४ वा घात अधिक १ काढला. पडद्यावर १.८४४६७४४०७ × १०^१९, शेवटचे आकडे गायब. "आजोबा, आता १२८ च्या जागी २५६ घ्यायचे ना?" म्हणाली, आणि नवी वही मागितली.