स्विमिंग पूलच्या गोल कोपऱ्यांत ग्रॅनाइटच्या नावाखाली कडप्पा

नागावच्या आमच्या वाडीत छोटा स्विमिंग पूल बांधून घेतला. बांधकामात खोट निघाली नाही. फसवलं ते काठावरच्या दगडात, म्हणजे कोपिंगमध्ये, आणि तेही फक्त चार गोल कोपऱ्यांत. अलिबागपासून मुरुडपर्यंत आता वाडीवाडीत पूल होतायत आणि हे काम घेणारी माणसं त्याच पट्ट्यात फिरतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

ठरलं होतं ते असं: काळा ग्रॅनाइट, ४० मिमी जाड, वर खरबरीत फ्लेम फिनिश, पाण्याकडची कड गोल. सरळ बाजूंचा दर वेगळा आणि कोपऱ्यांचा जवळपास दुप्पट. दुप्पट का, तर ठेकेदार म्हणाला, "शेठ, गोलाईचं काम आहे, माल वाया जातो." हे खोटं नाही. आमच्या कोपऱ्याची त्रिज्या पाण्याकडच्या कडेला ४ फूट आणि दगड १ फूट रुंद. एक कोपरा म्हणजे पाव वर्तुळ, म्हणजे आतली कड ६.२८ फूट, बाहेरची ७.८५. सरळ चौकोनी तुकडे लावले तर बाहेरच्या बाजूला एका कोपऱ्यात जवळपास १९ इंच फट राहते. पाच तुकडे धरले तर प्रत्येक सांध्याला पावणेचार इंच. म्हणून प्रत्येक तुकडा आत १५ इंच, बाहेर पावणेएकोणीस इंच आणि दोन्ही कडा कमानीत कापलेल्या, असा लागतो. बैलगाडीच्या चाकाची कड जशी वाकड्या तुकड्यांची जोडतात तसं. त्याला बारा इंची पट्टी पुरत नाही, तेरा इंचाची लागते.

ग्रॅनाइट असा कापायला वेळ जातो, डायमंड ब्लेड झिजतं. कडप्पा मात्र चुनखडीचा दगड, हातातल्या ग्राइंडरने भराभर कापला जातो. सगळी गोम इथे आहे. सरळ बाजूंना त्याने खरा ग्रॅनाइट लावला, नमुन्याशी जुळणारा. मी आणि माझ्या मेव्हण्याने तिथेच टेप लावून जाडी मोजली होती आणि ती बरोबर भरली. कोपऱ्यांत कडप्पा बसवला. वरून टाकी मारून खरबरीत केला, तेल पाजून काळा केला. जाडी १८ मिमी, आणि फक्त पाण्याकडच्या कडेला खालून दुसरी पट्टी चिकटवलेली. स्वयंपाकघराच्या ओट्याला डबल पट्टी करतात तीच ही करामत. ओट्यावर चालतं. इथे ऊन, पाणी आणि काठावर बसणाऱ्या माणसांचं वजन असतं. सांधे जिथे जुळले नाहीत तिथे काळी लप्पी (फटी बुजवायचा लगदा) भरून वरून घासली होती.

पहिल्या पावसाने तेल धुऊन नेलं. गणपतीच्या सुमारास चारही कोपरे राखाडी दिसायला लागले, बाजू काळ्याच. फोन केला तर उत्तर, "दादा, खारी हवा आहे, दगडाला असं होतंच." खारी हवा कोपरे निवडून लागते हे मला नवीनच होतं. मग एका कोपऱ्याची खालची पट्टी सुटून पाण्यात पडली आणि तुटलेल्या जागी १८ मिमी जाडी उघडी दिसली.

त्या तुटलेल्या तुकड्यावर, पूलच्या पाण्यात पीएच उतरवायला घालतात त्या ॲसिडचा थेंब टाकला. फसफसला. ग्रॅनाइटच्या कपच्यावर तोच थेंब नुसता पडून राहिला. ही परीक्षा दगड बसवण्याआधी, उरलेल्या कपच्यावर करता येते. हातमोजे घाला आणि पूलपासून लांब करा. कडप्पा वाईट दगड नव्हे, घराघरांत वापरलाय आपण. पण जिथे ॲसिडचे थेंब सांडणार तिथे तो खरवडला जातो, आणि पैसे मी ग्रॅनाइटचे मोजले होते.

बिल पुन्हा काढून बघितलं तर मापातही हात मारलेला. कोपऱ्यांचे रनिंग फूट बाहेरच्या कडेने धरलेले, आणि त्यावर 'वेस्टेज' म्हणून वेगळी रक्कम. चार कोपरे मिळून पूर्ण वर्तुळ होतं, त्यामुळे १ फूट रुंद दगडाला बाहेरच्या आणि आतल्या मापात ६.२८ फुटांचा फरक पडतो. त्रिज्या कितीही असो, तेवढाच. खरं क्षेत्रफळ हवं तर माप दगडाच्या मधल्या रेषेवर घ्यायचं. वेस्टेजचे पैसे लावले असतील तर कापून उरलेला माल तुमचा, तो मागा. आमच्याकडे ग्रॅनाइटचे वाकडे कपचे एकही निघाले नव्हते, निघणार कुठून?

कोपरे आता दुसऱ्या मिस्त्रीने केले. त्याने आधी प्लायवुडचा फर्मा कापून काठावर ठेवून दाखवला, प्रत्येक तुकड्याला नंबर टाकला, सांध्याच्या रेषा मध्यबिंदूकडे जातात का ते दोरी लावून तपासलं. दगड आणि बाहेरची फरशी यांच्यामध्ये सिमेंट न भरता लवचिक सीलंटची फट ठेवली. तुकड्यांच्या पाठी आणि जाडी आम्ही बसवण्याआधी बघितली, फोटो काढले.

पहिल्या ठेकेदाराकडून पैसे परत आलेले नाहीत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक आयोगात जायला कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते, तोवर कडप्प्याचे तुकडे, लप्पीसकट, पोत्यात बांधून ठेवलेत.