व्हीगन मीटबॉल: सोया की कुयरी?

सोयाचे आणि कुयरीचे, म्हणजे कोवळ्या फणसाचे, दोन्ही करून पाहिले. सोया ग्रॅन्युल्स गरम पाण्यात १० मिनिटं भिजवून घट्ट पिळायचे. इथे आळस केला की गोळा तेलात फुटलाच. कोरड्या सोयात १०० ग्रॅममागे सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं, आणि चावताना खिम्यासारखा दाणा लागतो. वास मात्र उग्र, आलं-लसूण सढळ हवं.

कुयरीला तो वास नाही आणि रेषा सुरेख सुटतात. पण चिकासाठी हाताला-विळीला तेल लावा, उकडा, ठेचा... आणि एवढं करून प्रथिनं नगण्यच!

अंड्याऐवजी दोन्हीत चमचाभर जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवून घालते. कुयरीला वर मूठभर बेसनही लागतं. टोमॅटोच्या रश्श्यात सोडायचे तर सोयाच टिकतो. कुयरीचे मी तव्यावर खरपूस परतून नुसतेच खाते.