"हात लावून बघा की, काका"

आमची जीप कापडी हूडची, पासिंग केए २३. निपाणीहून अथणीकडं महिन्यातून दोन फेऱ्या ठरलेल्या. एप्रिल-मेमध्ये चिक्कोडी ओलांडली की काळ्या रेक्झिनच्या हूडखाली माणूस भाजून निघतो. बेळगावकरांना हे सांगून पटत नाही, त्यांच्याकडं संध्याकाळी वारं सुटतंय.

गेल्या वर्षी मार्चात नवं हूड शिवून घ्यायला बेळगावातल्या एका कुशनवाल्याकडं, म्हणजे गाड्यांच्या सीटा-हूड शिवणाऱ्याकडं गेलो. टेबलावर हॅलोजनचा दिवा, बाजूला हूडचे वीतभर तुकडे. साधं रेक्झिन दिव्यापुढं धरून म्हणाला, "मागनं हात लावून बघा की, काका." चटका बसला. मग त्याचा 'पाच थरांचा' तुकडा धरला. अर्धा मिनिट हात ठेवला, गारच. बोटभर जाडीचा होता तो.

काचेवरचा शिवाजी महाराजांचा स्टिकर त्यानं आधीच बघितला असणार. "आपलीच माणसं तुम्ही, म्हणून साडेचौदा हजारात करायलोय." बिल मागितलं तर, "जीएसटी उगीच कशाला भरताय? काय झालं तर मी आहेच की." कोथिंबिरीच्या जुडीला दोन रुपयांसाठी अडून बसणारा मी, इथं मान डोलावून पैसे मोजले.

चार दिवसांनी हूड बसवून मिळालं. बाहेरून चंदेरी, शिवण देखणी. पहिल्याच फेरीत अंकली-मांजरीच्या पुलावर डोक्यावर हात नेला, तर अस्तर चुलीमागच्या भिंतीसारखं तापलेलं. फोन केला. "दोन-चार उन्हं खाऊ दे काका, मग सेट होतंय." ऊन खाऊन सेट होणारं कापड मी तरी ऐकलं नव्हतं, खरं 'बरं' म्हणून फोन ठेवला.

जूनच्या पावसात मागच्या कोपऱ्याची शिवण उसवली. ब्लेडनं हातभर कापून बघितलं. टीव्हीच्या खोक्यात येतो तो पातळ पांढरा फोम, तोही तुकडे जोडून. आणि उष्णता परतवायला घालतात तो चमकी कागद दोन कापडांच्या मध्ये घट्ट दाबून शिवलेला.

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत काम करणारा मावसभाऊ बघून हसला. म्हणाला, चमकी कागद काम करतो तो त्याच्या एका अंगाला मोकळी हवा असली तरच. दोन्हीकडनं कापड चिकटवलंस की तो नुसता धातूचा पत्रा, उष्णता सरळ आत. आणि जाड फोम अर्ध्या मिनिटात तापतच नाही, गाडी मात्र दोन-दोन तास उन्हात असते. म्हणजे दुकानातला दिवाही खोटा नव्हता आणि तुकडाही. माझ्या जीपवर चढलं ते मात्र वेगळंच.

शिवून घेणार असाल तर दाखवलेला तुकडा दुकानदाराची सही घेऊन स्वतःकडं ठेवा, आणि अस्तर बंद करायच्या आधी जाऊन आतलं सामान बघा. पक्कं बिल घ्याच. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, खरं माझ्याकडं जोडायला कागदच नव्हता.

आता हूडवर लोखंडी पट्ट्या टाकून चार बोटं अंतरावर पांढरी ताडपत्री ताणलीय. मधून वारं जातंय, तेवढ्यानं बराच फरक पडला. दिसायला भाजीची गाडी दिसते, दिसू दे.

परवा त्याच दुकानावरनं गेलो. दिवा लागलेला, एक जण मागनं हात धरून उभा. बाहेर त्याची जीप, काचेवर बसवण्णांचा स्टिकर. कुशनवाला त्याला कन्नडमध्ये सांगत होता, "नीवू नम्मवरे री." तुम्ही आपलीच माणसं. मी जीप बाजूला लावली, डॅशबोर्डच्या खणातला कापलेला कोपरा काढला आणि आत गेलो.