भाड्याच्या घराची व्यवस्थापन सेवा : एकच घर असलेल्या मालकाच्या दृष्टीने परीक्षण

एक-दोन घरे भाड्याने देणाऱ्या मालकांसाठी असलेली एक व्यवस्थापन सेवा मी काही काळापासून वापरत आहे. भाडेकरू शोधणे, करार करणे, भाडे वसूल करणे, दुरुस्त्या करवून घेणे आणि घर रिकामे झाल्यावर ताबा घेणे ही सगळी कामे ही सेवा करते आणि त्याबद्दल दरमहा भाड्याची ठरावीक टक्केवारी घेते. नोकरी सांभाळून, घरापासून दूर राहून ही कामे करणाऱ्या मालकाची किती ओढाताण होते हे मला ठाऊक असल्यामुळे या सेवेच्या जमेच्या आणि उणिवांच्या बाजू नीट मांडणे मला आवश्यक वाटते.

भाडेवसुलीबद्दल तक्रारीला जागा नाही. भाडे ठरल्या तारखेला जमा होते, पावती मिळते आणि उशीर झालाच तर सभ्य शब्दांत आठवण करून दिली जाते. मात्र एवढ्यासाठी कोणी ही सेवा घेऊ नये, कारण भाडेकरू प्रामाणिक असेल तर हे काम बँकेतून परस्पर होते आणि तो तसा नसेल तर नुसत्या आठवणीने भागत नाही.

या सेवेचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे ताबा देतानाची नोंद. त्यांचा माणूस प्रत्येक खोलीत दारापासून सुरुवात करून एकाच दिशेने फिरत भिंत, जमीन, छत आणि खिडक्या यांची छायाचित्रे घेतो, विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचे आकडे टिपतो, किल्ल्या मोजतो आणि न्हाणीघरातील तडा गेलेल्या फरशीपासून नीट न लागणाऱ्या खिडकीच्या कडीपर्यंत सगळे लिहून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेतो. पहिला भाडेकरू घर सोडून गेला तेव्हा या कागदाची किंमत कळली. तडा गेलेली फरशी यादीत आधीपासूनच असल्यामुळे तिच्याबद्दल अनामत रकमेतून काही कापण्याचा प्रश्नच आला नाही. ओट्यावरचा जळका डाग मात्र नवा होता आणि तो त्यानेही मान्य केला. रंगाचा हिशेबही मला न्याय्य वाटला. एका भिंतीचा रंग साध्या वापराने नव्हे, तर चिकटवलेले कागद ओरबाडून काढल्यामुळे खराब झाला होता. तो रंग 5 वर्षे टिकेल असे धरले होते आणि भाडेकरू 3 वर्षे राहिला होता, म्हणून त्याच्याकडून त्या भिंतीच्या खर्चाचा दोन पंचमांश भागच घेतला गेला. नेहमीच्या वापराने होणारी झीज ही मालकाचीच जबाबदारी असते, हे तत्त्व सेवेने माझ्या बाजूने न झुकता पाळले, याचा मला मनापासून आदर वाटतो.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र ही सेवा कमी पडते. झोपण्याच्या खोलीत कपाटामागे ओल दिसल्याची तक्रार आली, तेव्हा त्यांनी रंगारी पाठवला, डाग झाकला आणि बिल मला दिले. थोड्याच दिवसांत डाग पुन्हा उमटला. नंतर माझ्या आग्रहावरून दोन साध्या तपासण्या झाल्या. घरातले सगळे नळ बंद करून मीटर पाहिला, तर तो स्थिर होता. म्हणजे मीटरपासून पुढच्या नळवाहिनीत गळती नव्हती. मग भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवला. दुसऱ्या दिवशी पाण्याचे थेंब भिंतीच्या बाजूला नव्हे, तर खोलीच्या बाजूला दिसले, म्हणजे ओल भिंतीतून येत नसून खोलीतल्या हवेतले बाष्प गार भिंतीवर जमत होते. कपाट बाहेरच्या भिंतीला अगदी टेकलेले होते आणि कपडे खोलीतच खिडक्या बंद ठेवून वाळवले जात. कपाट वीतभर पुढे ओढून आणि खिडकी रोज उघडी ठेवायला सांगून ओल थांबली. तक्रारीचे कारण न शोधता फक्त तक्रार मिटवण्याची ही पद्धत छोट्या मालकाला फार महागात पडते, कारण प्रत्येक अनावश्यक बिल त्याच्या एकाच घराच्या भाड्यातून जाते. कारागिराच्या बिलात सेवेची दलाली धरलेली असते का, हेही विचारल्याशिवाय सांगितले जात नाही.

भाडेकरूची चौकशी करताना ते सध्याच्या घरमालकाशी बोलतात, पण त्याच्या आधीच्या मालकाशीही बोलायला हवे. सध्याच्या मालकाला भाडेकरू जायला हवा असेल, तर तो चांगलेच सांगणार.

माझा मुख्य आक्षेप मोबदल्याच्या रचनेवर आहे. नवा भाडेकरू आणल्यावर सेवेला वेगळे शुल्क मिळते, त्यामुळे ज्या बदलात मालकाचे नुकसान होते त्यातच सेवेची कमाई होते. घर एक महिना रिकामे राहिले तर वर्षाच्या भाड्यातील 8.33 टक्के बुडतात. 20 घरे असणाऱ्याचे एक घर रिकामे असले तरी त्या महिन्याची बाकीची 19 भाडी येतात, एकच घर असणाऱ्याकडे मात्र त्या महिन्यात काहीही येत नाही आणि कर्जाचा हप्ता तर चुकत नाही. कराराचे नूतनीकरण करताना सेवेने मला भाडे 5 टक्क्यांनी वाढवण्याचा सल्ला दिला. वाढ न परवडल्यामुळे भाडेकरू निघून गेला आणि घर महिनाभर रिकामे पडले, तर तेवढे भाडे त्या वाढीतून भरून निघायला 20 महिने लागतात आणि त्यात नव्या भाडेकरूचे शुल्क धरलेलेच नाही. घर नीट ठेवणारा भाडेकरू टिकवण्यासाठी मी भाडे तेवढेच ठेवले.

सेवेशी केलेला करार मी पुढे चालू ठेवला आहे, परंतु दोन अटी घालून. ठरावीक मर्यादेच्या वरच्या दुरुस्तीसाठी कारण लेखी कळवावे आणि दोन कारागिरांची दरपत्रके पाठवावीत, ही अट त्यांनी लगेच मान्य केली. भाडेकरू वर्षभराच्या आत घर सोडून गेल्यास नव्या भाडेकरूचे शुल्क आकारू नये, या दुसऱ्या अटीवर त्यांचे उत्तर अजून यायचे आहे.