ओजी की टीम स्पिरिट: नव्या संघाने आधी कोणाचे सामने पाहावेत?

पाच जण जमलेत, सरावाची वेळ ठरली आहे आणि आता डोटा 2 या पाच विरुद्ध पाच खेळायच्या संगणक गेममधल्या एखाद्या मोठ्या संघाची वाटचाल नीट पाहून काही उचलायचं आहे. अशा वेळी ओजी आणि टीम स्पिरिट ही दोन नावं हमखास निघतात. दोघांनीही टीआय, म्हणजे ‘द इंटरनॅशनल’ ही डोटा 2ची सर्वात मोठी स्पर्धा, दोनदा जिंकली. ओजीने 2018 आणि 2019 मध्ये लागोपाठ, स्पिरिटने 2021 आणि 2023 मध्ये.

गोष्ट म्हणून ओजीला तोड नाही. फ्रँकफर्ट, मनिला, बोस्टन, कीव्ह अशा चार मेजर, म्हणजे टीआयखालोखालच्या मोठ्या स्पर्धा, त्यांनी 2015 ते 2017 दरम्यान मारल्या, पण टीआयमध्ये हात रिकामेच. मग 2018च्या मे महिन्यात, स्पर्धा तीन महिन्यांवर आलेली असताना, फ्लाय आणि एसफोर हे दोन खेळाडू ईव्हिल जीनियसेस या प्रतिस्पर्धी संघाकडे निघून गेले. उरलेल्यांनी प्रशिक्षक सेबलाच ऑफलेनवर, म्हणजे कडेच्या अवघड लेनवर (लेन म्हणजे नकाशावरचा मार्ग), उतरवलं, आनाला परत बोलावलं, मिडला, म्हणजे मधल्या लेनला, टॉपसन आणला. खुल्या पात्रता फेरीपासून सुरुवात करून व्हँकुव्हरला झालेल्या त्या वर्षीच्या टीआयच्या अंतिम फेरीत त्यांनी पीएसजी एलजीडीला 3-2 ने हरवलं. वाटेत ईव्हिल जीनियसेसचाही हिशेब चुकता झाला.

पण शिकायला बसलं की इथेच धागा तुटतो. फ्रँकफर्ट जिंकणाऱ्या पाचांपैकी व्हँकुव्हरला एकटा नोटेल उरला होता, तोही कॅरी (पुढे बलवान होऊन सामना जिंकून देणारा) सोडून पाच नंबरचा सपोर्ट (इतरांना मदत करणारा) झालेला. आना कीव्हला मिड होता, 2018 मध्ये कॅरी. नाव एक, पण आतले संघ निरनिराळे. त्यामुळे आधीच्या चुकीतून ते नेमके काय शिकले हे सामने पाहून पकडता येत नाही, आणि खरं सांगायचं तर याच एका गोष्टीने वैताग येतो.

दुसरा फटका नक्कल करताना बसतो. 2019 ला आनाने सपोर्ट समजला जाणारा आयो हा हीरो (गेममधलं पात्र) कॅरी म्हणून खेळवला. ड्राफ्टमध्ये, म्हणजे सामन्याआधी हीरो निवडताना, आयो आधी घेतला तरी तो कुठल्या लेनला जाणार हे समोरच्याला कळत नसे. नवे संघ हे उचलतात आणि रीलोकेट या त्याच्या क्षमतेवर आपटतात. रीलोकेटने आयो आणि टेदर या दुव्याने जोडलेला साथीदार हव्या त्या ठिकाणी जातात, 12 सेकंदांनी आपोआप परत येतात. साथीदार एखाद्या किलच्या मागे धावला आणि टेदर तुटला, तर आयो एकटाच परत येतो नि तो तिकडे अडकून मरतो. हे जमायला दोघांची वर्षभराची सवय हवी.

स्पिरिटचं तसं नाही. 2021 आणि 2023 या दोन्ही विजयांत यातोरो, कोलॅप्स, मीरा आणि मिपोश्का हे चौघे तेच. फक्त मिडला टोरंटोटोकियोच्या जागी लार्ल. मधल्या 2022 च्या टीआयमध्ये ते लवकर बाहेर पडले, म्हणजे पडझडही त्याच चौघांची पाहायला मिळते. आधी 2021 ची अंतिम फेरी बघा, मग 2023 ची, गेमिन ग्लॅडिएटर्सवरची 3-0. फरक शोधायला सोपं जातं.

नक्कल करण्यासारखंही इथे जास्त सापडतं. 2021च्या अंतिम फेरीत 2-2 अशी बरोबरी असताना समोरच्या एलजीडीने मॅग्नस हा हीरो बॅन (निवडीतून बाद) केला नाही आणि तो कोलॅप्सच्या हाती लागला. चाल अशी: ब्लिंक या झटक्यात उडी मारू देणाऱ्या वस्तूने शत्रूच्या पलीकडे उतरायचं, स्क्यूअर या मॅग्नसच्या क्षमतेने त्याला ओढत आपल्या माणसांत आणायचं. नवख्यांचं चुकतं ते दोन ठिकाणी. बाकीचे चौघे जवळ उभे नसतात, त्यामुळे ओढून आणलेल्या शत्रूसमोर मॅग्नस एकटाच सापडतो. नाहीतर उडीआधीच शत्रू हीरोचा फटका बसतो आणि ब्लिंक 3 सेकंद बंद पडतो. म्हणून झाडीत किंवा धुक्यात (नकाशाच्या शत्रूला न दिसणाऱ्या भागात) थांबायचं. डेमो मोडमध्ये (गेममधली एकट्याने सराव करायची सोय) वीसेक वेळा केलं की हात बसतो.

एवढे जुने रिप्ले गेममध्ये सहसा उघडत नाहीत, प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंगच पाहावं लागतं. त्यात कॅमेरा मारामारीकडे असतो, म्हणून सपोर्टवाल्यांनी मिनिमॅपवर (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर) नजर ठेवावी. ड्राफ्ट संपला की व्हिडिओ थांबवून कोण कुठे जाईल ते प्रत्येकाने लिहावं. ओजीच्या बाबतीत बहुतेकांचं चुकेल, आणि ती गंमत एकदा घ्यायला हरकत नाही.

कोणाला अर्थात ओजीच भावेल. तरीही ठरत नसेल तर 2021च्या टीआयच्या लोअर ब्रॅकेटमधला (एकदा हरलेल्या संघांच्या फेऱ्यांमधला) दोघांचा आपसातला सामना लावा. इन्व्हिक्टस गेमिंगकडून हरून खाली आलेल्या स्पिरिटने फ्नॅटिकनंतर बाहेर काढलं ते ओजीलाच.