निवड झाल्यावर पैसे मागणारा ‘राष्ट्रीय पर्यावरण पुरस्कार’

माझी मुलगी मुंबईतील एका महाविद्यालयात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते. तिचा प्रबंध मिठी नदीच्या पाण्यावर आहे आणि नमुन्यांच्या तपासणीचा खर्च तिलाच करावा लागत असल्याने शिष्यवृत्तीची गरज खरीच होती. ५ जूनच्या पर्यावरण दिनानिमित्त झालेल्या एका पोस्टर स्पर्धेत तिने भाग घेतला होता आणि सहभागींची नावे, विषय व मोबाइल क्रमांक असलेली यादी व्हॉट्सअ‍ॅपवरील गटांतून फिरत होती. फसवणूक करणाऱ्यांना तेवढी माहिती पुरेशी झाली असावी.

तिला आलेला फोन तिने माझ्या हाती दिला. “काका, अभिनंदन! मुलीने नाव काढलं तुमचं,” असे अस्खलित मराठीत म्हणत त्या गृहस्थांनी प्रबंधाचा विषय अचूक सांगितला आणि एका राष्ट्रीय पुरस्कारासह ७५,००० रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचे कळवले. अर्ज न करता निवड कशी झाली, या प्रश्नावर तज्ज्ञांची समिती स्वतःहून नावे निवडते, असे उत्तर मिळाले. काही खरे पुरस्कारही शिफारशीने दिले जात असल्याने ते पटण्याजोगे होते.

पाठोपाठ सिंहमुद्रा असलेले पत्र आले आणि आधार, पॅन, बोनाफाईड व उत्पन्नाचा दाखला मागवण्यात आला. ही कागदपत्रे खऱ्या शिष्यवृत्तीलाही लागतात, म्हणून ती देताना कोणालाच वावगे वाटले नाही. मग नोंदणीसाठी जीएसटीसह १,१८० रुपये आणि त्यानंतर आगाऊ कर म्हणून ७,५०० रुपये भरायला लावले. मिळणाऱ्या रकमेच्या मानाने प्रत्येक मागणी किरकोळ वाटावी, असाच हा हिशेब बेतलेला असतो. ‘परत मिळणारी’ १२,००० रुपयांची अनामत मागितली गेली, तेव्हा मुलीने ते पत्र तिच्या मार्गदर्शक प्राध्यापिकांना दाखवले.

बाईंनी पहिल्याच ओळीवर बोट ठेवले. पत्रावर ‘पर्यावरण व वन मंत्रालय’ असे छापलेले होते. त्या मंत्रालयाच्या नावात २०१४ सालीच ‘हवामान बदल’ हे शब्द जोडले गेले आहेत. पावतीवरचा पत्ता अंधेरीचा होता, पण जीएसटी क्रमांकाची सुरुवात महाराष्ट्राच्या २७ ऐवजी ०९ ने, म्हणजे उत्तर प्रदेशाच्या संकेतांकाने होत होती. कराचे तर सगळेच बनावट होते. शिक्षणाच्या खर्चासाठी दिलेली शिष्यवृत्ती प्राप्तिकर कायद्याने करमुक्त ठरवलेली आहे. शिवाय जिथे कर कापायचा असतो तिथे तो देय रकमेतूनच कापला जातो, कोणा व्यक्तीच्या यूपीआय खात्यावर आधी पाठवावा लागत नाही.

शिष्यवृत्तीसाठी कोणीच पैसे घेत नाही, असे सरसकट सांगितले जाते, ते मला पुरेसे वाटत नाही. काही जुने, नामांकित न्यास अर्जासोबत थोडे शुल्क घेतात, त्यामुळे भामट्यांच्या ‘नोंदणी शुल्का’लाही आपोआप आधार मिळतो. पाहायचे ते हे की, निवड जाहीर केल्यानंतर ती रक्कम सोडवण्यासाठी पैसे मागितले जात आहेत का. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल आणि राज्याचे महाडीबीटी या दोन्ही ठिकाणी अर्ज विद्यार्थ्याला स्वतः भरावा लागतो, महाविद्यालय तो पडताळते आणि पैसे विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात. खासगी न्यासाच्या नावाने पत्र आले असेल, तर तो नोंदलेला आहे की नाही, हे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून तपासता येते.

आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे यूटीआर, म्हणजे प्रत्येक बँक व्यवहाराला मिळणारा स्वतंत्र क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि फोन क्रमांक विचारतात, म्हणून संतापाच्या भरात संभाषण पुसून टाकू नये. रक्कम अद्याप परत आलेली नाही. मला अधिक काळजी आहे ती त्यांच्याकडे गेलेल्या आधार आणि पॅनच्या प्रतींची, कारण त्यांच्या जोरावर परस्पर कर्ज काढले जाऊ शकते. मुलीच्या आधारचे बायोमेट्रिक आम्ही लॉक केले आहे. लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवून तिच्या नावावर एखादे अनोळखी कर्ज दिसते का, हे आता पाहत राहावे लागणार आहे.